बंद केला तरी चालू

ती विमानाच्या पोटाला तळहात लावून, डोळे मिटून उभी होती. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "नाडी लागतेय का हो?"

तिने डोळेही उघडले नाहीत. ती विमानं दुरुस्त करणारी इंजिनियर, पण इथे सगळे तिला डॉक्टरीणबाईच म्हणत. आतला इंधनाचा पंप फिरतोय की थांबलाय, हे तिच्या तळहाताला नेमकं कळायचं. पण काम चालू असताना तिची थट्टा करायची छाती कुणाची नव्हती.

"पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर थांबावं," ती म्हणाली.

"नातेवाईक नाही, मी तक्रारदार..."

आता मात्र तिने वळून पाहिलं. टोपी काखेत, डोळ्यांत जागरण, आणि तरी ओठांवर हसू! सकाळच्या उड्डाणाचा सहवैमानिक हाच तर. पंप बंद केला तरी चालू राहतो, अशी तक्रार याचीच. कॅप्टन म्हणत होते, याने बटण नीट दाबलंच नाही, उगाच विमान अडकवून ठेवलं. आणि उद्या याची कॅप्टन व्हायची परीक्षा, परीक्षक तेच कॅप्टन. दोष सापडला नाही, तर याचं काही खरं नव्हतं.

"सकाळपासून लावतेय, बंद करतेय. अगदी गुणी बाळ आहे तुमचा पंप."

"तुमच्यासमोर वेगळा, माझ्यासमोर वेगळा. फार चालू आहे तो!"

ती खळखळून हसली. तिची आई रोज फोनवर एकच पालुपद लावायची – मुलगा कसाही चालेल गं, फक्त चालू नको.

"मी बटण दाबलं होतं," तो एकदम हळू म्हणाला. "बघून दाबलं होतं."

तिला ते पटलं. छे, पटावंसं वाटलं! आणि या कामात पटावंसं वाटण्याइतकं घातक काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"हवेत किती वेळ चालला होता पंप?"

"उडाल्यापासून. मधली टाकी रिकामी होत आली तेव्हा बंद केला."

"अगं बाई! आणि मी इथे त्याला घाम फुटायच्या आतच बंद करतेय!" तिने कपाळावर हात मारला. "चला, वर जाऊन बसा. टाकी भरून घेते. पंप लावायचा, आणि मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

टँकर टाकी भरून गेला. तो वर कॉकपिटमध्ये, ती खाली पंखाच्या सावलीत, दोघांच्या कानांवर हेडसेट.

"कंटाळलात?" त्याचा आवाज थेट कानात आला.

"पेशंटजवळ बसून कंटाळायचं नसतं."

"मग मीच आजारी पडतो..."

"पडा. इंजेक्शन मोठं असतं आमचं."

मधेच आईचा फोन आला. तिचा अंगठा हेडसेटचा माइक बंद करायच्या बटणावर गेला. "हो गं आई, जेवले... मुलगा? आहे एक. थोडा चालू आहे, पण खोटं बोलत नाही... अगं, त्याला कुठे काय माहितेय!"



ऊन कलल्यावर तिने तळहात टेकवला. "करा बंद."

"केला."

हाताखालची थरथर तशीच होती. पंप मजेत फिरत होता!

"चालू आहे!" ती ओरडलीच. "अहो, चालू आहे! तुम्ही खरं बोलत होतात!"

पंपाची वीज तोडणारा रिले तापला की आतून चिकटत होता, आणि गार झाला की साळसूद बनत होता. कॅप्टन आले, स्वतः हात लावून पाहिला, "हं," म्हणाले. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "उद्या वेळेवर ये. आणि झोपून ये."

ते गेल्यावर तो तिच्यापाशी आला. "मग... आईंना पुढे काय सांगणार?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ऐकलंत तुम्ही? पण मी बटण दाबलं होतं!"

"मीही सकाळपासून हेच सांगत होतो. कुणाला पटलं?"

त्याने तिचा हेडसेट हातात घेतला. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. अगदी गंभीर चेहऱ्याने.

"डॉक्टरीणबाई, यात काही दोष सापडत नाही."

तिने त्याच्या हातातून हेडसेट काढून घेतला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"कसा सापडेल? मी दाबलंच नव्हतं. तुला ऐकू जावं म्हणून."