लाकूड धरणारा

बसा. लिफ्ट बंद, वाय-फाय बंद. काकाची आठवण यायला तुम्हाला एवढं पुरतं. पियुष, मघाशी तू वैष्णवीला फोनवर जुना कॅमेरा दाखवत होतास ना? "ऑलमोस्ट न्यू आहे, काका." असेल. घे. मी नको म्हणणारा कोण? फक्त विकणारा माणूस ती वस्तू स्वतः हातात घेतो का, तेवढं बघ. मी पाहिलं नव्हतं. मी प्लग पाहिला, चेन पाहिली, इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणालो, घे.

सुखदेव म्हणून माझ्या ओळखीचा माणूस. मूळचा वाशीमकडचा. वीस वर्षांपूर्वी इकडे आला, आधी कंपनीत होता, मग वाघोलीच्या पुढे केसनंद रस्त्याला चुलीवरच्या मटणाचं हॉटेल टाकलं. पुढे टेबलं, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे उघडं अंगण आणि अंगणात लाकडाचा ढीग. बायको हेमा भाकरी करायची. दोघंही सरळ माणसं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून पियुष विचारणार, पिऊन होता का म्हणून. नव्हता. त्याला चहासुद्धा सोसत नाही.

चुलीला लाकूड लागतं रोजचं, आणि स्वस्त मिळतात ते बाभळीचे अख्खे ओंडके. ते फोडणारा माणूस दिवाळीला गावी गेला तो गेलाच. सुखदेव स्वतः कुऱ्हाड घेऊन उभा राहिला आणि आठवड्यात कंबर धरून माझ्या गॅरेजवर आला. म्हणाला, "श्रीधरभाऊ, लाकूड कापायचं मशीन पाहिलं एक. जुनं आहे. मांजरीला. तुम्ही तपासून सांगा."

गेल्या वर्षीची सात जानेवारी. मंगळवार. मंगळवारी मटणाला गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो दुपारीच निघाला. मांजरीला नदीकडच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातल्या एकीत विकणारा राहायचा. संतोष त्याचं नाव. झाडं तोडायची कामं घ्यायचा. आता बंद केलेली.

संतोषनं त्याला आत बोलावलं नाही. दारात उभं राहूनच बोट दाखवलं. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली मशीन होतं.

"उचला, बघा."

"तुम्हीच चालू करून दाखवा ना."

"घ्यायचंय तुम्हाला का मला? उचला."

सुखदेवनं उचललं. स्वच्छ होतं. पुढची लांब पट्टी पुसलेली, चेनच्या दात्यांवर गंजाचा ठिपका नाही. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, "दिलं का? गेलं का ते?" संतोष आत बघून खेकसला, "गप बस!"

सुखदेव म्हणाला, "एक रात्र चालवून बघतो. पटलं तर सकाळी पैसे देतो."

वस्तू अशी कोण देतं? ह्यानं दिली. ना आधार कार्ड मागितलं, ना आगाऊ रक्कम. गाडीवर मशीन बांधताना सुखदेवनं सहज विचारलं, "ओंडका धरायले माणूस लागेल का एक?"

संतोष म्हणाला, "ह्याला न्हाई लागत." आणि दार लावून घेतलं.

साडेसहाला सुखदेव माझ्याकडे आला. मी तपासलं. तिसऱ्या झटक्याला चालू झालं. आवाज खणखणीत. दोष नाही. टाकीत थोडंसंच पेट्रोल होतं, ऑइल मिसळून अजून थोडं घातलं. घे म्हणालो.

ह्यापुढचं मी पाहिलेलं नाही. सुखदेवनं सांगितलं ते एक, आणि हेमानं दुसऱ्या दिवशी, तो नसताना, सांगितलं ते एक. दोन्ही जुळतं.

रात्रीचे साडेनऊ. हॉटेलात कुणी नाही. अंगणातल्या खांबावर एक बल्ब. सुखदेवनं बाभळीचा ओंडका दोन विटांवर टाकला, मशीन चालू केलं आणि पट्टी टेकवली.

तुम्ही कधी गोल ओंडका कापला नाहीत. चेन लागली की तो फिरतो, उसळतो. एक जण पलीकडे उकिडवा बसून दाबून धरतो तेव्हा कुठे दुसऱ्याला कापता येतं. सुखदेव एक पाय ठेवून धरणार होता. पण पाय ठेवावाच लागला नाही. ओंडका हललाच नाही. मेणासारखा कापला गेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. सुखदेव खुशीत आला. मनात म्हणाला, मशीन भारी आहे. फुकट आहे ह्या किमतीला.

सहा-सात ओंडके झाले. स्वयंपाकघराचं दार उघडलं. हेमा.

"अहो, कोणाले धरायले लावलं?"

त्यानं मशीन बंद केलं. "काय?"

"लाकूड धरायले. कोण आहे थो?"

"कोणाले लावतो? एकटाच आहो मी."

हेमानं अंगणभर नजर फिरवली. तिनं खिडकीतून पाहिलं होतं. माणसाची पाठ. उकिडवी. ओंडक्याच्या पलीकडे. तिला वाटलं, नवऱ्यानं रस्त्यावरचा कुणी मजूर बोलावला. चहा विचारायला ती बाहेर आली होती. आता तिथं कुणी नव्हतं.

"आत या," ती म्हणाली. "राहू द्या आता."

"दोन राहिलेत फक्त."

"राहू द्या म्हणते ना!"

"तुले काय होते? जा तू. पीठ मळ."

असं तो बायकोशी कधी बोलत नसे. हे त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून. म्हणाला, मशीन हातात आलं की कुणाचा तरी राग यायला लागला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

त्यानं मशीनची दोरी ओढली. हेमा दारातच थांबली.

आठवा ओंडका. जाड होता. भुसा उडायला लागला. बल्बच्या उजेडात भुसा पलीकडे पडताना दिसत होता. सगळीकडे पडत होता. फक्त एका जागी पडत नव्हता... हवेतच थांबत होता. जमिनीपासून हातभर वर. आधी एक गुडघा. मग दुसरा. मग खांदा.

सुखदेवनं पाहिलं. हेमानंही पाहिलं.

त्यानं रेस सोडली. मशीनचा आवाज कमी झाला नाही.

बटण दाबलं. बंद झालं नाही.

ओंडका हलला. पहिल्यांदाच. आणि फिरला नाही... सरकला. त्याच्या दिशेनं. कुणीतरी पलीकडून लोटतंय असा. वीत. अजून वीत. चेन ओंडक्यात अडकलेली, तिच्याबरोबर मशीन मागे येतंय, पट्टी त्याच्या पायाकडे...

"सोडा!" हेमा ओरडली. "सोडा ते! अहो, सोडा!"

त्याला सोडता येईना. बोटं उघडेनात. तो म्हणाला, माझ्या हातांवर दुसरे हात नव्हते. तसं काही नव्हतं. माझेच हात होते. पण ते माझं ऐकत नव्हते.

नडगीला गार लागलं. मग गरम.

हेमा धावत आली. नवऱ्याची कॉलर धरून मागे ओढलं. तो हलेना. मग तिनं काय केलं... ते तिचं तिलाही सांगता आलं नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ओंडक्याच्या पलीकडे पाहिलं. त्या भुशाकडे. आणि म्हणाली,

"सोड रे बाप्पा. सोड आता."

मशीन बंद पडलं.

ओंडका विटांवरून घरंगळला. साध्या ओंडक्यासारखा. आणि भुसा... हवेतला सगळा भुसा एकदम खाली पडला.

...

वैष्णवी, दार लावून घे गच्चीचं. वारा आहे.

अकरा टाके पडले. हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन बोटं आत गेलं असतं तर पाय गेला होता. सकाळी मला फोन आला. त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मीच माझ्या व्हॅनमध्ये त्याला आणि त्या मशीनला घालून मांजरीला नेलं. खरं सांगू? मला त्याच्या शेजारी बसायची लाज वाटत होती. घे म्हणणारा मीच होतो.

संतोष दारातच बसला होता. वाट बघत असल्यासारखा. मी मशीन पायरीवर ठेवलं, तसा तो उठला.

"परत घेनार न्हाई. नेलं ते नेलं."

मी म्हणालो, "पैसे दिलेले नाहीत. वस्तू तुमची. आणि ह्यांचा पाय बघा."

त्यानं पायाच्या बँडेजकडे पाहिलं. "हाय ना जाग्यावर? मग जावा."

माझा हात उठला असता. सुखदेवनं मला मागे सारलं आणि शांतपणे विचारलं, "तुझ्यासंग लाकूड कोण धरायचा?"

संतोष खाली बसला. आमच्याकडे न बघता, मशीनकडे न बघता म्हणाला, "बापूराव. थोरला भाऊ माजा."

"कुठं आहे?"

"त्यो धरायचा, मी कापायचो. धा वर्सं. पट्टी खाली उतरली की मी 'सोड' म्हनायचो, मग त्यो हात काढायचा. मी म्हनल्याबिगर कधी काढला न्हाई त्यानं. जागेवरनं भांडान झालं आमचं. त्या दिशी सकाळपास्नं..."

तो थांबला. आम्ही उभेच.

"सकाळपास्नं बोलत नव्हतो आमी एकमेकाशी."

एवढंच. पुढे त्यानं सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. बापूराव गेला तेव्हा पोलिसांत मशीन उसळलं असं लिहिलंय म्हणे. असेल. मशीनं उसळतात.

सुखदेव व्हॅनकडे वळला. संतोष मागून म्हणाला, "तुम्ही काय केलं मग? थांबलं कसं?"

सुखदेवनं सांगितलं. माझ्या बायकोनं त्याले 'सोड' म्हटलं.

संतोषचा चेहरा मी विसरणार नाही. सुटका झाल्याचा आनंद नव्हता त्यावर. राग होता. आमच्या हेमावर राग. दारातून आत जाता जाता म्हणाला, "ते मी म्हनायचं हुतं." आणि दार आपटलं. मशीन पायरीवरच राहिलं.

मला त्या खोलीकडे परत जायची इच्छा झाली नाही. मशीनचं पुढे काय झालं माहीत नाही. सुखदेवनं फाडलेलं लाकूड विकत घ्यायला सुरुवात केली. महाग पडतं. पडू दे.

हेमा मात्र म्हणाली, हे अंगण मला असं नको. म्हणून मार्चमध्ये त्यांनी मागे सिमेंटचा कोबा करून घेतला. धम्मदीप म्हणून गवंडी आहे, चोख काम करतो, मीच पाठवला. त्यानं संध्याकाळी पाचला घोटाई संपवली, चारी बाजूंनी फळ्या लावल्या, कुत्रं येऊ नये म्हणून वर दोऱ्या बांधल्या. रात्री मागचं दार आतून बंद. दोघं आतच झोपलेली. सकाळी सहाला दार उघडलं.

सुखदेवनं मला फोन करून बोलावलं. मी गेलो. फळ्या जागच्या जागी. दोऱ्या जशाच्या तशा. कोबा काचेसारखा. आणि बरोबर मधोमध दोन पावलं. अनवाणी. खोल रुतलेली, कुणी खूप वेळ उकिडवं बसल्यासारखी. येणारं पाऊल नाही. जाणारं नाही. फक्त ती दोन.

धम्मदीपनं दोनदा भरली, दोनदा पुन्हा उमटली. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. आजही आहेत, पियुष. उद्या नेऊन दाखवतो.

पावलांची बोटं हेमाच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे आहेत.