खोडलेली ओळ

"आज धरून चार दिवस उरले," मुनीम म्हणाली. "पाचव्या दिवशी बँक तक्रार घेणार नाही, आणि आपला दादा कायमचा चोर ठरेल."

मुनीम म्हणजे सातवीतली मुलगी. खाऊच्या पैशांचाही हिशोब ठेवायची, म्हणून घरात हे नाव पडलेलं. समोर तिचा धाकटा भाऊ शेपूट आणि शेजारची तोफ, जिला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. सुट्टीचे सगळे बेत बारगळले होते. बाबांच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात 'नवदीप एंटरप्रायझेस'चे चार हजार आठशे लागले होते, आणि या नावाचं दुकान घरात कुणी ऐकलंही नव्हतं. कार्डाचा नंबर बाबांखेरीज फक्त दादाला पाठ होता. त्यात दादाला सायकलची नवी चाकं हवी होती. बाबांनी एवढ्यावर निकाल लावून टाकला. दादा कपडे पिशवीत भरून मामाच्या सायकल-दुकानात राहायला गेला.

गंमत अशी, की बाबांनी बँकेला एका अक्षराने कळवलं नाही. "पोटच्या पोराची तक्रार बँकेत करू?" असं ते आईला म्हणाले. बाकीचं बिल भरलं, हे चार हजार आठशे तेवढे अडवून ठेवले. मग बँकेने कमी भरल्याचा दंड लावला, वर व्याजही. राग आणि माया एकाच खिशात ठेवली, की भोक त्या खिशालाच पडतं.

"बाबांनी ही ओळ का खोडलीय?" शेपूटने विचारलं.

नवदीपच्या वरची ओळ निळ्या पेनाने इतकी गिरवली होती, की कागद फाटायला आला होता. मुनीमने तो खिडकीच्या काचेला उलटा लावला. शाईखालची अक्षरं पुसट उमटली. बारा तारीख. प्राण्यांचा दवाखाना. चार हजार आठशे.

ती ओळ तोफेनेही हळू आवाजात वाचली. बारा तारखेला भुऱ्या गेला होता. अकरा वर्षं दादाच्या पलंगाखाली झोपणारा त्यांचा कुत्रा. बाबा एकटेच त्याला घेऊन गेले होते आणि एकटेच परत आले होते.

"रक्कम तीच," मुनीम म्हणाली. "तारीखही तीच."

दवाखान्याच्या काउंटरवर कारकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "बिलाचं मोठ्यांनी विचारायचं. आईबाबांना घेऊन या."

"आणि पोरांना विकत काही मिळतं का?" तोफेने विचारलं.

"पैसे असले तर सगळं मिळतं."

तोफेने शेजारच्या औषधाच्या कपाटातला सगळ्यात स्वस्त साबण उचलला. "पक्कं बिल द्या हं. आमची आई फार संशयी आहे."

बिल बाहेर सरकलं. माथ्यावर छापलं होतं: नवदीप एंटरप्रायझेस.

"एका टेबलावर दोन नावं," मुनीम म्हणाली. "बारा तारखेला चार हजार आठशेची बिलं किती फाडलीत, तेवढं बघा. नाहीतर मोठ्यांना आणते, पण ती बँकेतली असतील."

कारकुनाने मोबाइल ठेवला आणि वही काढली. बिल एकच होतं.

"आठवलं," तो ओशाळला. "दवाखान्याचं कार्डमशीन अडकलं, म्हणून मी औषधांचं पुढे केलं. पैसे दोन्हीकडून गेले असणार. मी ताळाच केला नाही. ते गृहस्थ बघत नव्हतेच गं. सांगेन तिथे कार्ड लावत होते."

"तेव्हा भुऱ्या कुठे होता?" शेपूटने विचारलं.

कारकून आतल्या दाराकडे बघत राहिला. मग त्याने बिलाची नक्कल काढली, खाली आपली चूक लिहून सही केली. साबणाचे पैसेही परत देऊ लागला. मुनीमने घेतले नाहीत. "तो व्यवहार वेगळा."

नक्कल वाचून बाबा "म्हणजे मीच" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे बँकेत गेले. "जादा लागलेली रक्कम बिलातून वजा होईल, कागद पक्का आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "दंड मात्र नियमाने लागलाय."

"जे देणं नव्हतंच, ते दिलं नाही म्हणून?" मुनीमने विचारलं. "झाडच नाही, मग फांदी कुठून फुटली?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि दंड, व्याज, दोन्ही रद्द करण्याच्या अर्जावर शिफारस लिहिली. "हुशार आहे हो मुलगी. हिला जपा."

बाबा तिथून थेट मामाच्या दुकानात गेले. मुलं मागोमाग. दादा चाकाच्या तारा ताणत होता. त्याने मान वर केली नाही.

"माझं चुकलं," बाबा म्हणाले. "कार्ड मीच दोनदा लावलं होतं."

"पैसे वाचले ना? बरं झालं."

"या तिघांनी छडा लावला रे," मामा म्हणाला. "मोठ्यांना जमलं नाही ते केलं पोरांनी."

"शाबास, मुनीम," दादा म्हणाला. पण हसला नाही. "बाबा, त्या दिवशी मला का नाही नेलंत?"

"तुला बघवलं नसतं."

"तुम्हाला बघवलं?"

बाबा तेलकट फरशीवर बसले. "नाही," ते म्हणाले. "भुऱ्या सारखा दाराकडे बघत होता. मला वाटतं, तुझी वाट बघत होता. हे घरी येऊन कसं सांगू मी?"

मुनीमने शेपूटचा हात घट्ट धरला. 'घरी चल' असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

दादाने पाना खाली ठेवला आणि बाबांच्या शेजारी फरशीवर बसला.

"पहिल्यापासून सांगा," तो म्हणाला.