पहिला चमचा रेवूचा

“ताई, ह्यो घाणा सोडू नका. मोडाला कोंदट वास मारतोय,” कामावरची हौसाक्का म्हणाली होती, आणि मालकीण शाल्मली नुसती हसली होती.

तासगावातल्या तिच्या छोट्या कारखान्यात बाळांसाठी नाचणीचं सत्त्व व्हायचं. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. एका खेपेचं पीठ म्हणजे एक घाणा. त्या आठवड्यात चार दिवस ऊन नव्हतं आणि वाळवणयंत्र मधेच बंद पडलं होतं. एरवी एवढ्या कारणावरून शाल्मलीने कारखाना डोक्यावर घेतला असता.

“तुम्ही वरडत हुता त्येच बरं हुतं,” हौसाक्का पुटपुटली. “आता फोटूतल्या बाईगत हसताय.”

महिन्याभरापासून शाल्मलीच्या कानामागे ‘निवांत’ होती. बटणाएवढी चकती, छोट्या उद्योजकांसाठी खास काढलेली. कानामागच्या त्वचेखाली हृदयाकडे, पोटाकडे जाणाऱ्या चेतातंतूची शाखा असते. चकती तिला बारीक विद्युत्‌स्पंद देई आणि धास्तीची वर्दी मेंदूत पोचायच्या आतच विरून जाई. “निर्णय तुमचेच राहतात, फक्त धडधड जाते,” चकती बसवणारा डॉक्टर म्हणाला होता. बाळंतपण, तपासणीवाले, सुट्टीवर गेलेल्या बायका, या सगळ्या घोरात शाल्मलीचं दूधसुद्धा आटलं होतं. चकती लावली त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

कारखान्याचा एक नियम होता. घाण्याचा पहिला चमचा लेकीला, रेवूला, मगच डबे बंद. जे आपली पोर खाईल तेच लोकांची. त्याही दिवशी सत्त्व शिजवून शाल्मलीने चमचा पुढे केला. दहा महिन्यांच्या रेवूने तोंड वेडंवाकडं करून घास थुंकला.

“हट्टी झालीय,” शाल्मली म्हणाली. हा काऊचा, हा चिऊचा करत तिने अख्खी वाटी लेकीच्या पोटात घातली. एकशे ऐंशी डबे संध्याकाळच्या आत रवाना झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेवूला तीनदा उलटी झाली. शाल्मलीने तोंड पुसलं, दुपटं बदललं. दात येत असतील. पोरगी मान टाकून मांडीवर पडली होती आणि आई एका हाताने नव्या लेबलांचे रंग निवडत होती.

हौसाक्काने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा आईकडे. “अवो, तुमची लेक डोळं फिरवतीया!” तिने शाल्मलीचे केस बाजूला केले आणि ती चकती सरळ उपटून काढली.

दहाबारा श्वास काही झालं नाही. मग तो वास, थुंकलेला घास, ती वाटी, सगळं एकदम अंगावर आलं. शाल्मली रेवूला उचलून अनवाणी धावत सुटली.

“बुरशीचं विष आहे,” दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या. “दोन दिवस जाऊ देत, मग सांगते.”

रेवूच्या चिमुकल्या मनगटात सुई होती. शाल्मली कॉटशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या यादीतला एकेक नंबर लावत होती. सत्त्व फेकून द्या. बाळाला दाखवून आणा. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. “तुम्हाला लेकरं आहेत की नाहीत?” एकीने विचारलं. शाल्मलीने पुढचा नंबर लावला. मधेच एकदा तिचा हात आपोआप कानामागे गेला.

“आक्का, ती चकती कुठाय?”

“हाय माझ्याजवळ. पायजे?”

शाल्मलीला ती हवी होती. अगदी त्या क्षणी हवी होती. “मी पाया पडले तरी देऊ नका,” ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत एकशे एकोणऐंशी डब्यांचा पत्ता लागला. उरलेला एक तासगावच्या आठवडी बाजारात हौसाक्कासमोर विकला गेला होता. घेणारीच्या कडेवर कुंची घातलेलं बाळ होतं, एवढंच हौसाक्काला आठवत होतं. नाव नाही, नंबर नाही. ती बाई पाहुणी असेल तर डबा कुठल्याही गावाला गेला असेल.

रेवू अजून डोळे उघडत नव्हती. शाल्मलीने फोनवर लिहायला घेतलं, कुणालाही, सगळ्यांना:

“नाचणी सत्त्वाचा पिवळा डबा, हिरवं झाकण, बुडाशी घाण्याचा आकडा ४७. आत बुरशीचं विष आहे. तुमच्या घरी नसेलही. पण शेजारी, वरच्या मजल्यावर, गल्लीच्या टोकाला कुणाकडे लहान बाळ आहे ना? आणि आज दिवसभर ते रडलेलं ऐकू आलं नाही ना? हे वाचून झालं की फोन खाली ठेवा आणि त्यांचं दार वाजवा. आत्ता जाल का?”