पाठीमागचा नवरंग

देवरीकडच्या जंगलात मी नऊ वर्षं गाइड आहे. गेटवर उतरलेले पाहुणे दोनच नावं घेतात, वाघ नाहीतर भूपेंद्र. वाघाचं मला काही नाही. भूपेंद्र माझ्याच वर्षी गाइड म्हणून लागला, आणि त्याचं नाव ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

त्याला नवरंग सापडतो. मुठीएवढा पक्षी. पाठ हिरवी, खांद्यावर निळा चट्टा, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. मे संपता संपता येतो आणि नाल्याकाठच्या बांबूत, पाचोळ्यात उड्या मारत किडे वेचतो. त्याची दोन सुरांची शीळ मलाही ऐकू येते. दिसतो मात्र भूपेंद्रला.

आम्हा गाइडांत एक रीत आहे. ज्याला घरटं सापडेल त्याने पायवाटेवर सागाचं पान ठेवायचं, वर दगड. ते पान ओलांडून दुसऱ्याने जायचं नाही. गेल्या जूनमध्ये मी भूपेंद्रचं पान ओलांडलं. बांबूच्या बुडाशी गवताचा गोळा होता, आत चार अंडी. मी वरच्या काटेरी फांद्या छाटल्या आणि घरटं उघडं केलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी ते रिकामं होतं.

"कोनं केलं असन, रत्नपाल?" भूपेंद्रनं मला विचारलं.

"मले का मालूम? मुंगूस असन."

त्याचा पडलेला चेहरा बघून मला बरं वाटलं.

ऑक्टोबरात गेट पुन्हा उघडलं. नवरंग तोवर दक्षिणेला गेलेले असतात. पहिल्याच फेरीत नागपूरच्या एका साहेबांनी माझ्याकडे कॅमेरा रोखला. "गाइड, हिलना मत," ते कुजबुजले.

मग त्यांनी फोटो दाखवला. माझ्या पाठीमागे, दहा पावलांवर, नवरंग. मी गर्रकन वळलो. नुसता पाचोळा.

मग रोज तेच. पाहुणे माझं नाव विचारत यायला लागले. भूपेंद्र गेटवर बसून राहायचा. मला हवं होतं ते मिळालं, तरी मी जळतच होतो. आता त्या पाहुण्यांवर. सगळ्यांना दिसणारा पक्षी मला एकदाही दिसत नव्हता.

फोटोंत तो जवळ येत गेला. पाच पावलं. दोन. टाचेशी. दर वेळी चोचीत गवताची काडी.

"तुमच्या कॉलरीत रोज बांबूचा पाला काऊन निघून राहिला?" कपडे धुताना बायको, रश्मी, म्हणाली.

मी मान चाचपली. हाताला काही लागलं नाही.

परवापासून मानेला ऊब जाणवते.

शीळ कानाशीच वाजते.

आज सकाळी गेटवर भूपेंद्र माझ्या मागे येऊन थांबला.

"का हाये?" मी विचारलं.

"हालू नको," तो हळूच म्हणाला. "चार हायेत."

मग पुढे येऊन त्याने माझ्या बुटांसमोर सागाचं पान ठेवलं, वर दगड ठेवला, आणि माझे पाहुणे घेऊन जंगलात गेला.

ऊन कलायला आलं आहे. पान ओलांडून अजून कुणी आलेलं नाही.