ठकीचा उपास

ठकीनं चार महिने काही खाल्लं नव्हतं. ठकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, कीर्तीनं पाळलेला बॉल पायथन, बिनविषारी छोटा अजगर. कीर्ती गेली आणि ठकीची काचेची पेटी तिच्या सासरहून, पाम गावाहून, माझ्याकडे कुंभवलीला आली. मी पालीलाही घाबरणारी बाई. पण कीर्तीचं म्हणून एवढंच उरलं होतं. तिचे कपडे तिच्या नवऱ्यानं, प्रदीपनं, दहाव्यालाच खाडीत सोडले होते.

ऊब, अंधार, ओलावा, सगळं करून झालं. दर रविवारी कोमट पाण्यात उबवलेला मेलेला उंदीर चिमट्यात धरायचा, ठकीनं तोंड फिरवायचं.

"काकी, काही काही वासावर खातात," बोईसरचा दुकानदार मेहुल फोनवर म्हणाला. "मालकिणीचा वापरलेला कपडा उंदराला चोळून बघा."

मालकिणीचा कुठून आणू? प्रदीपचे मात्र होते. तो एकटा, म्हणून मी त्याला डबा द्यायचे, त्याचं धुणं घरी आणायचे. लोक म्हणत, विजयाताईचं मन मोठं. कीर्ती गेली त्या दिवशी त्याच्याच घराची बाहेरून लागलेली कडी मी या हातानं काढली होती. आत कीर्ती तीन दिवसांच्या तापानंतर गार पडलेली, आणि हा ड्युटीवर.

"वाऱ्यानं लागली असंल कडी," तो म्हणाला होता. मी त्याचा डबा सुरू केला होता.

त्याचा शर्ट उंदराला चोळला. ठकी अशी झेपावली, की चिमटा हातातून उडाला.

पुढच्या रविवारी मुद्दाम नुसता उंदीर दिला. तोंड फिरवलं. शर्ट चोळला, गिळला.

महिन्याभरात प्रदीपचा पट्टा दोन भोकं आत गेला.

"ताई, डबा पुरा खातो मी, पण अंगाला नाय लागत."

"भेंडी आवडत नसेल."

"मस्करी नका करू. दर रविवारी कोनीतरी आवळतंय असं वाटतं."

त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. तेव्हा थांबता आलं असतं.

"उद्या बोंबील देते," मी म्हणाले. "धुणं टाका पिशवीत. अंगातला शर्टपण."

या रविवारी उंदीर संपले होते. बटणं सोडलेला नुसताच शर्ट पेटीत ठेवला, झाकण लावलं, मेथी निवडायला बसले.

तासाभरानं पाहिलं. ठकी वेटोळं घालून पडलेली, कधी नव्हे एवढी फुगलेली. शर्ट तिच्याशेजारी पसरलेला.

गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

डबा घेऊन पामला गेले. प्रदीपच्या दाराला बाहेरून कडी होती. तिथूनच फोन लावला. आत वाजत राहिला.

वाऱ्यानं लागली असेल, म्हटलं, आणि डबा घेऊन परत फिरले.