चारची बेल

आईकडची बेल मी स्वतः बसवली. हे आधीच सांगते, कारण ज्यांनी ज्यांनी ही हकिकत ऐकली त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की वायरिंग नीट केलं होतं का. केलं होतं. मी लिफ्ट तपासते. एकवीस वर्षं हेच काम करते आहे. माझ्या अहवालात 'दोष नाही' असं कुठे सापडणार नाही. मी 'तपासणीत दोष आढळला नाही' असं लिहिते. दोन्हींत फरक आहे.

आई एकटी राहायची. तळमजल्यावरचं घर, रस्त्याला लागून तीन पायऱ्या, समोर शिंप्याचं दुकान. एके दिवशी ती न्हाणीघरात घसरली. तिचं हाड मोडलं नाही, पण दादाचं आणि माझं जे काही शाबूत उरलं होतं ते मोडलं. दादा म्हणाला, मी तिला न्यावं, मी मुलगी आहे. मी म्हणाले, त्यानं न्यावं, त्याच्याकडे एक खोली जास्त आहे. आई आमच्यामध्ये बसून ऐकत होती.

"मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या."

शेवटी वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दादाचे. रविवार कोणाचाच नाही. त्यानंतर आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. काही कळवायचं असेल तर मेसेज, तोही मोजक्या शब्दांत.

कॅमेऱ्याची बेल ही दादाचीच सूचना. दारात कोण आहे ते आम्हा दोघांच्या फोनवर दिसेल. चार्ज करत बसायला नको म्हणून वायरची घ्यायची. चित्रण साठवून ठेवायचं तर दरमहा वर्गणी होती. त्यानं लिहिलं, "वर्गणी नको. आपल्याला फक्त बघायचंय." त्या आठ महिन्यांत माझं त्याच्याशी एवढंच एकमत झालं.

मी मेन स्विच बंद केला, जुनं बटण उचकटलं. मागे दोन बारीक तारा होत्या, टोकाला हिरव्या पडलेल्या. त्या सोलून स्वच्छ केल्या. जुना ट्रान्सफॉर्मर आठ व्होल्टचा होता, त्यावर कॅमेरा चालला नसता. तो काढून सोळाचा बसवला, मीटरनं तपासला. कॅमेऱ्याखाली पाचर घालून तो किंचित खाली झुकवला, म्हणजे पायऱ्याही दिसतील. आतला 'टिंगटाँग' जुनाच ठेवला. आई स्टुलावर बसून बघत होती.

"म्हणजे आता दारातला माणूस घरबसल्या दिसणार," ती म्हणाली.

"हो."

"मग दारात यायची गरजच उरली नाही कोणाला."

मी हसले. ती हसली नाही.

पहिले दोन आठवडे सगळं ठीक चाललं. बटण दाबलं की माझा फोन थरथरायचा, 'दारात कोणीतरी आहे'. उघडलं की त्या क्षणी जे असेल ते दिसायचं. कधी पोस्टमन, कधी समोरचा शिंपी. नाही उघडलं तर गेलं ते गेलं.

एका गुरुवारी दुपारी चार वाजता दादा दिसला. करडा शर्ट, खांद्याला पिशवी, मान खाली. वरून त्याचं टक्कल दिसत होतं. आत आईचा आवाज आला, "आलास? ये." तो आत गेला. चला, आपला वार तरी पाळतोय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, माझा वार. मी एका इस्पितळाच्या लिफ्टच्या खड्ड्यात अडकले होते, पाचला निघणार होते. चारला फोन थरथरला. पायरीवर दादा.

माझ्या वारी!

मला जे वाटलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. आधी संताप आला. हा मला खिजवतोय, आईला दाखवतोय की बघ, लेक येत नाही. आणि मग, त्या संतापाच्या खालून, सुटका वाटली. जायची एवढी हौस आहे ना, मग जा म्हणावं. त्या दिवशी मी सरळ घरी गेले.

सोमवारी चारला तो पुन्हा आला. बुधवारीही. मग मी जाणं सोडलं. रोज संध्याकाळी आईला फोन मात्र करत होते.

"दादा आला होता ना?"

"आला होता की."

"जेवलीस?"

"जेवले. पायाची नखंसुद्धा कापून झाली आज." नखं कापायला कोणाला वेळ नाही, ही तिची जुनी तक्रार होती. "तुम्ही यायला लागलात, घर भरल्यासारखं वाटतं."

'तुम्ही' हा शब्द मला टोचला. तो टोमणाच होता असं मी धरून चालले.

काही गोष्टी माझ्या लक्षात येत होत्या. माझं कामच ते आहे. रोज तोच करडा शर्ट. तो कॅमेऱ्याकडे कधीच बघायचा नाही. एकदा मी लवकर फोन उघडला, तर तो दोन्ही हात खाली सोडून उभा होता, आणि बेल वाजली. आणखी एक. दारासमोर काही हाललं तरी कॅमेरा कळवायचा. मांजर गेलं तरी कळवायचा. पण दादा निघाल्याचं त्यानं एकदाही कळवलं नाही. कोन चुकला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. कोन मीच लावला होता.

त्या पहिल्या गुरुवारपासून तेविसाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला दादाचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"अभिनंदन," तो म्हणाला. "जिंकलीस तू."

"काय?"

"रोज जातेस ना आईकडे. माझ्या वारीसुद्धा. मला नालायक ठरवायचं होतं, ठरवलंस. पण मी मुद्दाम बसलेलो नाही घरी. पाय प्लॅस्टरमध्ये आहे माझा, तीन आठवडे झाले. तुला कळवलं नाही, म्हटलं आनंद कशाला द्यायचा."

मी चालता चालता थांबले.

"दादा, मी गेले नाहीये."

"बघतो ना मी रोज! चारला. खाकी जॅकेट तुझं, मान खाली. वर तोंड करून बघायचीसुद्धा लाज वाटते तुला."

"मला तू दिसतोस," मी म्हणाले. "करड्या शर्टात."

मग तो म्हणाला, "कालचं दाखव मला."

"साठवलंय कुठे? आपल्याला फक्त बघायचं होतं ना."

तो शिवी देईल असं वाटलं. दिली नाही. "मी टॅक्सी करतो," एवढंच म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. दादा कुबडीवर होता, दाढी वाढलेली. आठ महिन्यांनी भेटलो आणि एकमेकांकडे धड बघितलं नाही. मी त्याला पायऱ्या चढायला हात दिला आणि बेल दाबली.

आईनं साखळी न काढता दार उघडलं. केस विंचरलेले, स्वच्छ साडी, तिच्या अंगाला साबणाचा वास. आम्ही तिला इतकं नीटनेटकं कधी ठेवलं नव्हतं.

"कोण हवंय?" तिनं विचारलं.

"आई, मी आहे. आणि दादा."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मग दादाकडे, मग त्याच्या प्लॅस्टरकडे. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. अनोळखी माणसासमोर वाटतो तसा थोडा संकोच होता.

"घर चुकलात वाटतं," ती म्हणाली. "पण पाय दुखावलाय यांचा. घटकाभर बसा हवं तर."

तिनं आम्हाला पाहुण्यांच्या खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. टेबलावर तीन कप पालथे घालून ठेवले होते. दादानं तिला लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्या तोतरेपणाच्या, माझ्या कांजिण्यांच्या. ती कौतुकानं ऐकत राहिली.

"अगदी माझ्या मुलासारखंच," ती म्हणाली. "त्यालाही असंच व्हायचं."

दादा रडायला लागला. तिनं त्याला रुमाल दिला, आणि चारला दहा कमी असताना उठली.

"आता निघा तुम्ही. माझी मुलं येतील. त्यांना परकं कोणी घरात चालत नाही."

काही दिवसांनी डॉक्टरांना आणलं. त्यांनी तारीख विचारली, तिनं वारासकट सांगितली. शेजाऱ्यांची नावं सांगितली, स्वतःची औषधं सांगितली. मुलं किती? दोन. त्यांच्या जन्मतारखा? तिनं आमच्या दोघांच्या अचूक सांगितल्या, माझी तर वेळेसकट. मग डॉक्टरांनी आमच्याकडे बोट दाखवलं.

"हे भले लोक आहेत," ती म्हणाली. "हल्ली रोज येतात. यांचं स्वतःचं कोणी नसावं."

शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "चारला दार उघडतं खरं. बाई बोलतात, हसतात. मला वाटायचं फोनवर असतील."

"दारात कोणी असतं?"

त्यानं सुईत दोरा ओवला. "मी त्या वेळी मशीनवर असतो," म्हणाला. त्यानं मशीनचं तोंड भिंतीकडे फिरवून घेतलेलं मला दिसलं.

एका सकाळी मी बेल काढली. मेन स्विच बंद केला, कॅमेरा उतरवला, दोन्ही तारांच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली. ट्रान्सफॉर्मर काढून पिशवीत घातला. आई मागे उभी होती.

"बेल नाही, तर माझी मुलं आल्याचं मला कळणार कसं?" तिनं विचारलं. मी पिशवीची चेन ओढली.

आता आम्ही रोज जातो, दोघंही. वार वगैरे काही राहिलं नाही. तिच्यासाठी काही नेलं तर ती उपकाराची भाषा बोलते, ती ऐकवत नाही. आम्हाला अहो-जाहो करते. चारला दहा कमी असताना आम्हाला बाहेर काढते, तेही गोड शब्दांत. दादा एकदा हट्टानं बसून राहिला, तर ती एवढी घाबरली की तिला धाप लागली. पुन्हा आम्ही तसं केलं नाही.

बेल काढली त्या दिवशी आम्ही रस्ता ओलांडून शिंप्याच्या दुकानाशेजारी उभे राहिलो. लख्ख ऊन होतं. तीन पायऱ्या रिकाम्या होत्या, दाराच्या चौकटीला टेप लावलेल्या दोन तारा लोंबत होत्या.

चार वाजले.

आत टिंगटाँग वाजलं. रस्त्यापलीकडूनही स्वच्छ ऐकू आलं.

शिंप्याचं मशीन सुरू झालं.

आईनं दार उघडलं. साखळी लावलेली नव्हती. ती आमच्याकडे बघत नव्हती. दाराच्या अगदी पुढ्यात बघत होती आणि हसत होती. तसं हसताना मी तिला कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

तिचा हात वर गेला. दादाच्या गालाएवढ्या उंचीवर थांबला आणि हवेत दोनदा थोपटल्यासारखा हलला.

मग तिनं तो थोडा खाली आणला. माझ्या उंचीला.