चार भोकं, दोन बोल्ट

अंबुबाई सुतकात उंबरा ओलांडून आल्या होत्या. प्रकरण साधं नाही हे शंतनुला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. पण त्यानं चहाचं विचारलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा बिस्किटांचं विचारलं. मावशीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो गप्प बसला.

मावशी म्हणजे मनस्विनी. कारखाने तपासायच्या सरकारी खात्यात अकरा वर्षं काढून, वरच्या साहेबाशी वाजलं तेव्हा राजीनामा टेबलावर ठेवून बाहेर पडलेली बाई. आता राजाजीनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत ती खाजगी तपासाची कामं घेई. शंतनु तिचा पुण्याचा भाचा. एचएसआर लेआउटमधली नोकरी गेल्यापासून तो तिची गाडी चालवत होता, टिपणं काढत होता आणि चुकीचा निष्कर्ष सर्वांत आधी काढत होता.

"दहा दिवस झाले, अक्का," अंबुबाई म्हणाल्या. "आमचे हे ऑफसेटवर होते, कृष्णमूर्तींच्या प्रेसमध्ये. तेवीस वर्षं. रोलर पुसताना फडकं आत ओढलं गेलं. फडक्याबरोबर हात गेला, आणि हाताबरोबर..."

मनस्विनीनं शंतनुला टिपण थांबवायची खूण केली.

"हेल्पर माझा भाऊ होता, रघुजी. मालक म्हणतात, रोलरांपुढची जाळी त्या सकाळी रघुनंच पान्यानं खोलली, काम लवकर आटपावं म्हणून. पोलिसांनी त्याच्यावर केस घातली. जामिनावर सुटलाय. तो म्हणतो, जाळी दसऱ्याच्या आधीपासूनच नव्हती. बाकीचे लोक मान खाली घालतात. त्यांना पण पोट आहे."

"तुम्हीही तिथंच कामाला ना? जाळी होती की नव्हती, तुम्हाला आठवत नाही?"

"मी मागच्या शेडमध्ये, बाइंडिंगला. मशीनच्या हॉलात आम्ही बायका जात नाही. वर्षातून एकदा दसऱ्यातल्या आयुधपूजेला जाते, मशीनांना कुंकू लावायला. मालक म्हणतात, तुझ्या हाताला गुण आहे." त्या हाताकडे बघत राहिल्या. "जाळी म्हणजे कशी असते, तेसुद्धा मला ठाऊक नाही हो."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"परवा तेरावा. माहेरचं लुगडं भावानं आणायचं. दहा दिवस मी त्याला दार उघडलं नाही. गल्लीच्या तोंडाशी बसून असतो. त्याला उंबरा चढू द्यायचा का नाही, ते मला ठरवायचंय. माझ्या भावानं माझ्या नवऱ्याला मारलं का, एवढंच सांगा. दुसरं काही नको."

मनस्विनी उठली आणि चपला पायात सरकवू लागली. शंतनुनं गाडीची किल्ली घेतली.

प्रेस फार दूर नव्हती. औद्योगिक वसाहतीतल्या अरुंद रस्त्यावर पत्र्याचा हॉल, मागं बाइंडिंगची शेड, पुढं मालकांची केबिन. हॉलात दोन ऑफसेट, एक कटिंग आणि एक पंचिंग मशीन. लग्नसराईचे दिवस, त्यामुळे एक ऑफसेट सोडून सगळं चालू होतं. माणूस गेला म्हणून लग्नपत्रिका थांबत नाहीत. केरोसिनच्या वासानं शंतनुचं डोकं जड झालं.

मनस्विनीनं भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत चिकटपट्टीचे दोन रोल होते आणि सुपारीची पुडी. तिनं पेटी हळूच बंद केली.

"फिरत्या भागाला जाळी. पुसताना मशीन बंद. लाल बटण हाताच्या अंतरावर," ती शंतनुला म्हणाली. "अकरा वर्षं मी एवढंच सांगत फिरले. लिहून घे, म्हणजे निदान तुझ्या लक्षात राहील."

कृष्णमूर्ती साठीचे, कपाळावर गंध, बोलणं मऊ. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं असं शंतनुला वाटलं.

"अंबुचा नवरा बिंदुमाधव म्हणजे धाकटा भाऊच की माझा. काय सांगू, अक्का. जाळी चार बोल्टांनी घट्ट बसवलेली होती. त्या सकाळपर्यंत होती. पान्याशिवाय निघत नाही. रघुनं खोलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. पोलिसांच्या फोटोत बघा, तिथंच आहे. पंचनामा झाल्यावर मी माझ्या हातानं परत बसवली. दोन बोल्ट मिळाले, दोन त्यानं कुठं टाकले कोण जाणे."

"अपघात झाला तेव्हा तुम्ही इथंच होता?"

"केबिनमध्ये. आमच्या मॅनेजरच्या, अर्णवच्या गाडीत घातला त्याला. रघु मांडीवर डोकं घेऊन बसला. मी मागं राहिलो, लोकांना आवरायला नको?"

मनस्विनी यंत्रांमधून फिरत होती. कटिंगच्या झाकणावर, पंचिंगच्या चाकावर, दुसऱ्या ऑफसेटच्या जाळीवर वाळलेल्या कुंकवाचे ठिपके होते आणि झेंडूची एखाददुसरी काळी पाकळी.

"चार महिने झाले की दसऱ्याला. अजून आहे?"

"मशीन म्हणजे देवी," कृष्णमूर्ती म्हणाले. "या दसऱ्याचं कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी पुसायचं नाही. वडिलांपासूनचा नेम आहे. कुणी हात लावला तर मला खपत नाही."

बंद ऑफसेटपाशी ती बराच वेळ ओणवी राहिली. जाळी स्वच्छ होती. डावीकडं दोन बोल्ट चकाकत होते, उजवीकडची दोन भोकं रिकामी. तिनं खिशातली छोटी बॅटरी काढून भोकांत प्रकाश टाकला, मग शंतनुला बोलावलं.

शंतनुची नजर भोकांकडे गेलीच नाही. जाळीच्या कोपऱ्यात, तारेच्या पिळात, हिरव्या रंगाचा जरीचा धागा अडकलेला त्याला दिसला. त्याची छाती फुगली.

"मावशी, क्लू! कुणाच्या तरी शर्टाचा असणार."

"जरीचा शर्ट घालून ऑफसेट कोण चालवतो रे? नवरदेव?" पण तिनं धागा कागदाच्या पुडीत ठेवला. "भोकांत काय दिसतं?"

"मळ आहे काहीतरी. लालसर. गंज असेल."

"असेल," मनस्विनी म्हणाली.

केबिनमध्ये भिंतीवर मोठा फोटो होता. नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या, रेशमी कापडं नेसवलेल्या दीडशे बाहुल्या. तिनं कौतुक केलं तसे कृष्णमूर्ती खुलले.

"आमचा गोंबे हब्ब, बाहुल्यांचा सण. बायकोचा जीव आहे त्यात. घरी जागा नाही, म्हणून इथं वरच्या माळ्यावर पेटाऱ्यात ठेवतो. किल्ली माझ्याच कमरेला. दुसऱ्या कुणाला शिडी चढू देत नाही."

प्रॉडक्शन मॅनेजर अर्णव नागपूरचा, वय अठ्ठावीस. व्हाइटफील्डमधली पॅकेजिंग कंपनी सोडून दिवाळीनंतर इथं आला होता. बोलताना तो दारावर नजर ठेवून होता.

"पुसताना मशीन चालू का होतं?" मनस्विनीनं विचारलं.

"मॅडम, प्रॅक्टिकली बंद करून वॉश केलं की पंधरा मिनिटं जातात. चालू ठेवून चार. दिवसाला सहा वेळा रंग बदलतो. मी आलो तेव्हापासून असंच चालतं. मी थांबवायला हवं होतं. मला झोप येत नाही."

"आणि जाळी?"

"ती रघुजीनं उघडली असेल ना. म्हणजे, कडी काढून बाजूला केली की हात आत जातो."

"कडी," मनस्विनी म्हणाली. "सरी, ठीक आहे. तुम्ही हॉस्पिटलमधून परत कधी आलात?"

"संध्याकाळी. तो वाटेतच गेला. रघुजी त्याला सोडत नव्हता, आम्ही दोघांनी ओढून काढला. पोलीस तोपर्यंत येऊन गेले होते."

बाहेर आल्यावर शंतनु गाडीत बसता बसता म्हणाला, "हाच. प्रेशर यानंच टाकलं, जाळी यानंच काढायला लावली."

"गाडी काढ," मावशी म्हणाली.

रघुजी अंबुबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. शर्ट दहा दिवसांपूर्वीचाच असावा, बाहीवर डाग होता.

"पाना तुझ्या खिशात सापडला म्हणतात," मनस्विनी म्हणाली.

"माझ्या खिशात पाना नसेल तर मी हेल्पर कसला, अक्का?" त्याचा आवाज बसलेला होता. "जाळी दसऱ्याआधी मालकांनीच काढायला लावली, पुसायला वेळ जातो म्हणून. मी काढली, भावजींनी धरली, मालकांनी उचलून नेली. कुठं नेली, नाही ठाऊक. पण मी काढली हे खरंच की. ताईला मी काय तोंड दाखवू?"

"त्या दिवशी काढली का?"

"नाही. त्या दिवशी मी फक्त मशीन बंद केलं. उशिरा केलं. लाल बटण त्या टोकाला आहे, धावत जावं लागतं." तो बटणापर्यंतचं अंतर हातानं दाखवत राहिला.

शंतनुला त्याच्याकडे बघवेना. तो उगाच गाडीचा आरसा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंद ऑफसेटभोवती पाच जण उभे होते. कृष्णमूर्ती, अर्णव, रघुजी, अंबुबाई आणि पोलीस ठाण्यातून आलेल्या सब-इन्स्पेक्टर सौम्या. बहीण-भाऊ यंत्राच्या दोन टोकांना उभे होते. मनस्विनीनं सगळी यंत्रं बंद करायला लावली. हॉल एकदम शांत झाला आणि शंतनुला आपल्या वहीचं पान उलटलेलंही ऐकू आलं.

"दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत," ती म्हणाली. "जाळी कधी निघाली आणि अपघाताच्या दिवशी ती इथं कुणी आणून ठेवली. आधी दुसरी. अपघात झाल्याबरोबर अर्णव आणि रघुजी गाडीत बसून गेले. पोलीस येईपर्यंत दोघंही इथं नव्हते. शिवाय अर्णवनं ही जाळी कधी धड पाहिलेलीच नाही. तो म्हणाला, कडी काढून उघडतात. हिला कडी कुठं आहे? बोल्ट आहेत. तीन महिने या हॉलात वावरलेल्या मॅनेजरला ते माहीत नसेल, तर त्या तीन महिन्यांत जाळी यंत्रावर नव्हती."

अर्णव वाकून जाळीच्या बोल्टांकडे बघू लागला.

"मग जाळी होती कुठं? तारेत जरीचा हिरवा धागा अडकला होता. माझ्या भाच्याला तो शर्टाचा वाटला. सौम्या मॅडमनी आज सकाळी माळ्यावरचा पेटारा उघडून पाहिला. वरच्याच बाहुलीच्या हिरव्या साडीचा काठ फाटलाय, धागा जुळतो. माळ्याची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते."

"धागा म्हणजे काय पुरावा?" कृष्णमूर्ती म्हणाले. "जाळी मी मध्ये एकदा वर ठेवली असेल, परत लावली असेल. दसऱ्यानंतर लावलीच होती. चार बोल्टांनी. त्या सकाळपर्यंत होती."

"ते तुम्ही म्हणणार, म्हणूनच भोकं तपासली." तिनं बॅटरी सौम्यांच्या हातात दिली. "उजवीकडची दोन बघा. शंतनुला गंज दिसला. गंज असा पेढ्यासारखा घट्ट बसत नाही. ते कुंकू आहे, गंधात कालवलेलं. भोक काठोकाठ भरून वाळलंय, वरच्यात झेंडूची पाकळी चिकटलीय. बोल्ट पिळून आत गेला असता, तर हे सगळं भुगा होऊन बाहेर पडलं असतं. दसऱ्यापासून या भोकांत एकदाही बोल्ट गेलेला नाही. आणि जाळी बघा. कटिंगला कुंकू आहे, पंचिंगला आहे, दुसऱ्या ऑफसेटच्या जाळीला आहे. फक्त हिच्यावर एक ठिपका नाही. पुसलं म्हणाल, तर या प्रेसमध्ये कुणी पुसत नाही, हा तुमचाच नेम. पूजेच्या दिवशी ही जाळी माळ्यावर होती."

कृष्णमूर्तींनी खुर्ची शोधली, पण तिथं खुर्ची नव्हती.

"बिंदुमाधव गाडीत शेवटचे श्वास घेत होते, रघुजीच्या मांडीवर. तुम्ही मागं राहिलात ते लोकांना आवरायला नव्हे. तुम्ही शिडी चढत होता."

"अकरा कुटुंबं चालतात या प्रेसवर," ते पुटपुटले. "बंद पडली असती. तो तर गेलाच होता, अक्का. जो राहिला त्याला काय, दंडावर सुटला असता." ते रघुजीकडे पाहत नव्हते.

सौम्यांनी त्यांच्या दंडाला धरलं. कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, कठोर नव्हतं ते. दोघं बाहेर गेले.

अंबुबाई हलल्या नव्हत्या. त्या यंत्राजवळ आल्या. तर्जनी पुढं करून त्यांनी उजवीकडच्या भोकावर टेकवली, मग शेजारच्या. बोट बरोबर बसलं.

"इथं मीच लावलं," त्या म्हणाल्या. "सपाट लोखंडावरून ओघळतं म्हणून खळगा बघून लावते. चारीत लावलं. आत रोलर दिसत होते. मी म्हटलं, केवढे चकचकीत ठेवलेत यांनी." त्यांनी बोट काढलं नाही. "तेव्हा जाळी बोल्टांनी बसवलेली असती, तर माझं बोट या भोकात पोचलंच नसतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," मनस्विनी म्हणाली.

"नव्हतं. पण बघितलं तर मीच. रघुनं एकदा सांगितलं, मालकांनी काढायला लावली म्हणून, तर मी त्याच्या तोंडावर दार लावलं."

यंत्राच्या त्या टोकाला रघुजी लाल बटणापाशी उभा होता. पुढं यावं की न यावं ते त्याला कळत नव्हतं. अंबुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"उद्या लवकर ये," त्या म्हणाल्या. "लुगडं साधंच आण. अंघोळ करून ये."



परतताना त्या गाडीत मागं बसल्या. शंतनुला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण जे सुचे ते सगळं बिस्किटांसारखंच होतं, म्हणून तो समोरच्या सिग्नलकडे बघत राहिला. राजाजीनगरच्या चौकात त्या आपणहून बोलल्या.

"उद्या रघुचं पान वाढीन, अक्का. पण माझं पान कुठं मांडू? तेवढं सांगा."

मनस्विनीनं मागं वळून पाहिलं नाही.

"त्याच्या शेजारी," ती म्हणाली.

सिग्नल सुटला आणि शंतनुनं गाडी पुढं घेतली.